जिप्सीत उजवा पाय भाजतोय, ही उष्णता नेमकी येते कुठून?

गोठ्यावरची, पांढरकवडा
१४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी गुरांची डॉक्टर. गाडी २००२ ची मारुती जिप्सी किंग, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं इंजिन), वर कॅनव्हासचं हूड, एसी नाही. २०१९ मध्ये एका खडीच्या ठेकेदाराकडून घेतली. चिखलात, नाल्यात, पांदण रस्त्यावर आजवर एकदाही अडकवलं नाही तिने मला, त्यामुळे विकायचा सल्ला देणार असाल तर इथेच थांबा.

पावसाळ्याआधी गुरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी टोचून व्हायला हव्यात. म्हणजे शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत नेमकी तेव्हाच मी सगळ्यात जास्त हिंडते. पाटणबोरी, झरी जामणी, कधी मारेगावकडे. सकाळी सहाला निघते, परतायला दीड-दोन वाजतात. बाहेर ४४ असताना गाडीत गरम होणारच, इतकं मलाही कळतं. तक्रार ती नाही. तक्रार अशी की माझा डावा पाय उन्हाळ्यात असतो आणि उजवा चुलीत. सकाळी साडेसहालाच, सूर्य अजून कपाशीच्या पऱ्हाट्यांवरून वर आलेला नसतो, तेव्हाच ॲक्सिलरेटरच्या बाजूचा पत्रा चपलेतून जाणवायला लागतो. दोन सीटच्या मधून, लिव्हरच्या बाजूने, कुणीतरी फुंकर घालावी तशी गरम हवा मांडीवर येते. अर्ध्या तासात सलवारीचा एक पाय घामाने ओला, दुसरा कोरडा.

मोजून पाहिलं. आधी हाताशी होता तो गाईचा थर्मामीटर खाली ठेवला; तो बिचारा ४२ ला टेकला आणि गप्प झाला. मग एसी दुरुस्त करणाऱ्याकडून लेझरवाली बंदूक मागून आणली. दुपारी एक वाजता, सावलीत ४४ असताना: ॲक्सिलरेटरखालचा पत्रा ६७, शेजारच्या सीटचा पत्रा ४९, दोन्ही लिव्हरच्या (एक गिअरचा, एक फोर-व्हीलचा) बुडाशी ६१, हुडाची आतली बाजू ५८, डॅशबोर्ड ७१.

आतापर्यंत केलेले उद्योग:

गेल्या वर्षी एका दुकानात मॅटखाली काळ्या डांबरी शीट चिकटवून घेतल्या. एप्रिलमध्ये त्या पाघळल्या. आता मॅट उचलता येत नाही आणि गाडीला नव्या रस्त्याचा वास येतो.

एका मिस्त्रीने बोनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वायसर घालून बोनेट बोटभर वर उचललं, "गरम हवा निघून जाईल" म्हणून. फरक शून्य. कदाचित उणे.

पायाखाली ओलं गोणपाट. वीस मिनिटं स्वर्ग, मग वाफारा. आणि कोपऱ्यात गंज दिसायला लागला तेव्हा बंद केलं.

वारा यावा म्हणून हुडाचा मागचा पडदा पूर्ण गुंडाळून ठेवते. मागे बसणारा माझा मदतनीस म्हणतो की धूळ येते, पण तो थंडीतही तेच म्हणतो.

खरा घोर लशीचा आहे. २ ते ८ अंशात राहायला हवी. डबा माझ्या सीटमागे असतो. सकाळी भरलेले बर्फाचे पॅक अकरालाच पाणी होतात, पूर्वीच्या गाडीत एक वाजायचा. गायीला काय टोचतेय त्याची खात्री नसेल तर टोचून उपयोग काय?

आता एकाने पूर्ण गाडीला आतून फॉइलचा फोम मारायचे १४ हजार सांगितलेत. दुसरा म्हणतो थेट एसीच बसवा. त्याआधी इथे विचारते आहे. पैसे नेमके कुठे टाकू?

वणीचा चारचाकी
१४ मे, रात्री १०.१५

मॅडम, एवढं डोकं काहून लावता? मारून टाका फोम. मी माह्या गाडीले मारला, लय फरक पडला. अन् हुडावर पांढरं कापड टाका. आमचे बुवा तं जीपच्या टपावर तुराट्याच्या ताट्या बांधत होते, वरून पाणी शिंपडायचे. लोक हसत, पण बसायले त्याच जीपमंदी येत.

एसीच्या फंदात पडू नका. हुडाच्या गाडीत एसी म्हणजे चाळणीत पाणी.

जुनं लोखंड, संभाजीनगर
१५ मे, सकाळी ६.०५

डॉक्टर, १४ हजार सध्या तरी कपाटातच राहू द्या. मी निवृत्त माणूस, तीस वर्षं कारखान्यांच्या भट्ट्यांना आणि वाफेच्या पाइपांना लेपण घालण्यात गेली, आणि दारात एक जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. तेव्हा दोन्ही बाजूंनी भाजलेला आहे.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. साडेसहाला ऊन नसताना पाय भाजतो. म्हणजे तो हिशेब सूर्याचा नाही, इंजिन आणि सायलेन्सरचा आहे. गाडीत तीन वेगवेगळ्या गरम्या असतात आणि लोक तिन्हींवर एकच औषध लावतात. पहिली, बोनेटखालून आणि गाडीखालून भोकांमधून आत शिरणारी गरम हवा. दुसरी, सायलेन्सरच्या पाइपाची धग, जी पत्र्याला तापवते. तिसरी, वरून आणि काचेतून येणारं ऊन. फोमचा उपयोग दुसरीवर थोडा, तिसरीवर बरा. पहिलीवर अजिबात नाही. उघड्या खिडकीला रजई टांगून काय होणार?

आधी दोन परीक्षा करा, फुकटातल्या.

एक: रात्री नऊनंतर गाडी नेहमीच्या वेगाने पाऊण तास चालवा आणि तीच बंदूक तिथेच धरा. ॲक्सिलरेटरखालचा आकडा फारसा उतरला नाही तर सूर्य निर्दोष सुटला.

दोन: इंजिन बंद करून गाडी अंधारात उभी करा. बोनेटखाली एक झगझगीत दिवा ठेवून बोनेट लावा, दुसरा दिवा गाडीखाली सरकवा. तुम्ही आत बसा, पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग पायांकडे पाहा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा येते. स्टीअरिंगचा दांडा जिथून खाली उतरतो ती जागा, क्लचची केबल, वायरिंगची रबरी ग्रोमेट (वायर जाते त्या भोकातली कडी), आणि मुख्य म्हणजे दोन्ही लिव्हरचे रबरी बूट. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा मागे टांगलेला असतो, त्याच्या लिव्हरला आपलं स्वतंत्र भोक आहे. ते रबर फाटलेलं असतं आणि वरून कव्हर असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता मागचा पडदा. ही मोठी चूक, आणि ती तुम्ही वाऱ्यासाठी करताय म्हणून जास्त वाईट वाटतं. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी असतो. मागचं सगळं उघडं आणि पुढचं बंद असेल तर केबिनमधली हवा मागे ओढली जाते. तिची जागा भरायला नवी हवा जिथून सापडेल तिथून येते, म्हणजे पायाखालच्या भोकांतून. तुमच्या मांडीवरची फुंकर तीच. तुमची गाडी स्वतःच्या इंजिनाची हवा स्ट्रॉने ओढून पिते आहे. पुढून हवा आत यायला वाट द्या, बाजूच्या काचा उघडा, मागचा पडदा खाली सोडा.

बोनेटखालचे वायसर आजच काढा. गाडी उभी असते तेव्हा त्या फटीतून गरम हवा वर जाते हे खरं. पण वेगात पुढच्या काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो, हवा उलटी बोनेटमध्ये घुसू पाहते. आणि तिथेच केबिनला ताजी हवा देणारी जाळी आहे. हळू चालताना जी काही गरम हवा फटीतून निघेल ती थेट त्या जाळीत. मिस्त्रीने चुलीचं धुराडं माजघराकडे वळवून दिलंय.

मग गाडीखाली जा किंवा कुणाला पाठवा. तुमच्या सालाच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे धूर साफ करणारा, डबा असतो. त्याच्या आणि फ्लोअरच्या मध्ये पातळ पत्र्याची ढाल असायला हवी. नसली तर नवल वाटून घेऊ नका. ती ढाल सैल झाली की खडखडते आणि खडखड बंद करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ढाल उपटून फेकणे. नवी करायची तर अर्धा मिलिमीटर स्टेनलेसचा पत्रा, आणि पत्रा व फ्लोअरमध्ये दीड सेंटीमीटर मोकळी जागा, जाडसर वायसर घालून. ही जागाच खरं काम करते. पत्रा फ्लोअरला चिकटवला तर तो ढाल राहत नाही, तवा होतो.

हाच नियम चकचकीत फॉइलला. चकाकी धग परतवते ती समोर मोकळी हवा असेल तरच. मॅटखाली दाबून टाकलेली फॉइल म्हणजे जेवणाच्या डब्याची सजावट. फ्लोअरवर काही घालायचंच असेल तर एसीच्या डक्टला लावतात तो काळा नायट्राईल रबरचा फोम, बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा. स्पंजसारखा नको. तुमच्या गोणपाटाने केलं तेच तो गुपचूप करेल.

सायलेन्सरला फायबरची पट्टी गुंडाळा असं कोणीतरी सांगेलच. पक्क्या रस्त्यावरच्या गाडीला ठीक. तुम्ही काळ्या मातीच्या चिखलातून जाता, ती पट्टी ओल धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत गंजतो.

शेवटचं, त्या लेझर बंदुकीवर आंधळा विश्वास नको. चकचकीत धातूवर ती खूप कमी आकडा दाखवते. नव्या ढालीवर बंदूक धरून "वा, थंड झाली" म्हणाल तर फसाल. काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, तो तापू द्या, मग त्याच्यावर मोजा.

सायलेन्सरवाला, कोल्हापूर
१५ मे, दुपारी २.३०

काकांनी सगळं सांगितलं, एकच विचारतो. मॅडम, घरी परतल्यावर डोकं दुखतं का? मदतनिसाला विचारा, मागं बसतो त्याला मळमळतं का?

मागचा पडदा उघडा आणि खालची भोकं उघडी म्हणजे नुसती गरमी नाही, धूरपण आत येतोय. सायलेन्सरचा जोड कुठं लीक असेल तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळणार नाही. सकाळी गाडी गार असताना चालू करा आणि बोनेट उघडून ऐका. मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथं) किंवा खाली पाइप जोडलाय तिथं टिक-टिक-टिक असा आवाज आणि जोडाभोवती काळी काजळी असेल तर पॅकिंग गेलंय. फोमचं नंतर बघा, आधी हे बघा. माझ्याकडं उन्हाळ्यात "ऊन लागलं" म्हणून आलेल्या निम्म्या जुन्या गाड्यांचं पॅकिंग गेलेलं असतं.

आणि इंजिन मिस मारत असेल तर तेही सांगा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, डबा लालबुंद होतो. मग पत्रा ६७ काय, ९७ पण होईल.

गोठ्यावरची
१७ मे, रात्री ११.२०

डोकं दुखतं. रोज. चार वर्षं मी त्याला ऊन म्हणतेय आणि पन्हं पितेय. मदतनिसाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, मी तं सांगतच होतो." धुळीची तक्रार होती त्याची, पण आता वाद घालायला मला तोंड नाही. गुरं बोलत नाहीत म्हणून मी प्रत्येक लक्षण हात लावून बघते. हा बोलत होता तर मी ऐकलं नाही.

रात्रीची परीक्षा काल केली. करंजीपर्यंत जाऊन परत. बाहेर ३३ होतं. ॲक्सिलरेटरखाली ५९. दुपारच्या ६७ पासून फक्त आठ अंश उतरला! हूड ५८ वरून ३२ वर, डॅशबोर्ड ३५. काका, सूर्य निर्दोष सुटला.

दिव्याची परीक्षा आज. घरच्यांनी मला गाडीत अंधार करून, पायांकडे टक लावून बसलेली पाहिलं आणि काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत सवय झाली असावी. स्टीअरिंगच्या दांड्याभोवती चंद्रकोरीएवढा उजेड. वायरिंगचं एक ग्रोमेट गायबच, तिथे माझी करंगळी जाते. आणि ट्रान्सफरच्या लिव्हरचं कव्हर काढलं तर आत रबर नावाची गोष्टच नाही. एका कडेला फाटकी झालर आणि खाली थेट रस्ता दिसतो. लशीचा डबा त्या भोकापासून हातभर अंतरावर असतो.

सकाळी गार इंजिनावर टिक-टिक आहे. मॅनिफोल्डला नाही, खाली पाइप जिथे जोडलाय त्या फ्लँजवर, आणि तिथे काजळी माझ्या मांजरासारखी काळी. ढालीच्या जागी चार रिकामी भोकं. इंजिन मिस मारत नाही, एवढंच एक बरं.

वायसर काढले. पडदा खाली. आजच्या आज एवढं केलं.

जुनं लोखंड
१८ मे, सकाळी ५.५०

छान. क्रम असा ठेवा: आधी फ्लँजचं पॅकिंग, मग रबर आणि भोकं, मग ढाल. प्रत्येक कामानंतर एक दिवस गाडी चालवून मोजा, सगळं एकदम करू नका. नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या माणसाला तुम्हीसुद्धा "मारून टाका फोम" म्हणाल. (वणीकर, रागावू नका. तुमच्या बुवांची ताटी मला फार आवडली, तिच्यावर नंतर येऊ.)

भोकं बुजवायला एम-सील लोंबवू नका, हादऱ्याने तडकतं. वायरीला नवं ग्रोमेट, स्टीअरिंगला रबरी बूट, बारीक फटींना उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन.

वणीचा चारचाकी
१८ मे, सकाळी ८.१०

रागावलो नाही काका. काल रात्री दिवा लावून पायलं माह्या गाडीत. फोमच्या खालून उजेड येते.

गोठ्यावरची
२७ मे, रात्री १०.०५

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, सुरू आहे, पांढरकवडा आज ४५ ला आहे, आणि मी पायात बूट घालून गाडी चालवून आले. चपल नाही, बूट.

काकांनी सांगितलं तसं एकेक करत गेले.

फ्लँजचं पॅकिंग आणि दोन नवे बोल्ट, मजुरीसकट सहाशे. जुना बोल्ट तुटला आणि काढायला तीन तास गेले, त्याचे पैसे मिस्त्रीने घेतले नाहीत, मी दिले. आकड्यात मोठा फरक नाही, ६७ चे ६४ झाले. पण डोकं दुखायचं थांबलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी संध्याकाळी चिडलेली नाही. घरी हे माझ्याआधी लक्षात आलं होतं म्हणे.

लिव्हरचं रबर नागपूरहून मागवलं. ग्रोमेट इथेच मिळालं, स्टीअरिंगला ट्रॅक्टरचं एक बूट कापून बसवलं. सगळे मिळून आठशेच्या आत. फुंकर बंद. लिव्हरच्या बुडाशी ६१ होतं तिथे आता ५०. सगळ्यात मोठा फरक हाच, आणि धूळही गेली. मदतनिसाने त्यावर काही टिप्पणी केली नाही, पण त्याने स्वतःहून गाडी धुतली.

ढाल. स्टेनलेसचा पत्रा एका दूध डेअरीच्या टाक्या बनवणाऱ्याकडे उरलेला मिळाला, त्यानेच वाकवून भोकं पाडून दिला. मध्ये जाड वायसर, दीड सेंटीमीटर पक्के. ॲक्सिलरेटरखाली ६४ चे ५२. काळी टेप लावून मोजलं काका, फसले नाही. आधी टेप न लावता मोजलं होतं हेही कबूल करते. तेव्हा ढालीवर एवढा कमी आकडा आला की मी जवळजवळ पेढे वाटले असते.

डांबरी शीट रॉकेलच्या फडक्याने आणि खरवडणीने दोन रविवारी काढल्या. खाली एका जागी गंज होता, घासून रंग दिला. फोम अजून घातलेला नाही. घालावा असं आता फारसं वाटतही नाही.

बर्फाचे पॅक: काल पावणेएकपर्यंत अर्धे गोठलेले होते. डबा शेजारच्या सीटखालच्या बाजूला हलवला, तेही कारण असेल. लशीबरोबर ठेवलेल्या थर्मामीटरवर पूर्ण दिवस ७ च्या वर गेलं नाही.

आता उरलं ऊन. हूड अजूनही दुपारी ५८ आणि डॅशबोर्ड ७१, त्यांना कुणी हातच लावलेला नाही. उभ्या गाडीला काचेमागे चकचकीत पडदा टाकते, तेवढ्याने स्टीअरिंग धरता येतं. वणीचे भाऊ, तुमच्या बुवांच्या ताटीबद्दल जरा सविस्तर सांगाल का?

वणीचा चारचाकी
२८ मे, सकाळी ७.३०

ताटी म्हणजे तुराट्या आडव्या-उभ्या विणलेल्या, टपाच्या वर लाकडाच्या ठोकळ्यांवर बांधलेली, टपाले टेकवलेली नाही. बुवा म्हणायचे खालून हवा खेळली पायजे.

जुनं लोखंड
२८ मे, सकाळी ८.००

वणीकर, तुमच्या बुवांना दंडवत. जुन्या लँड रोव्हरला नेमकी हीच गोष्ट मिळायची, ट्रॉपिकल रूफ म्हणत. टपाच्या वर दुसरा पत्रा, मध्ये मोकळी हवा. वरचा पत्रा ऊन खातो, खालचा सावलीत राहतो, आणि चालत्या गाडीत मधली हवा ताप घेऊन निघून जाते. बुवांनी तुराट्यांचं केलं एवढंच.

डॉक्टर, तुमच्या हुडाच्या कमानींवर थेट वजन टाकू नका, कॅनव्हास फाटेल. पाइपाची हलकी चौकट करून ती बॉडीला बोल्ट करा, हुडापासून चार बोटं वर. तिच्यावर पांढरं जाड कापड ताणून बांधा. पुढच्या काचेला फिल्म लावायचा मोह झाला तर आठवण ठेवा, तिच्यातून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे.

गोठ्यावरची
२८ मे, रात्री ९.१५

चौकट डेअरीच्या टाकीवाल्याकडूनच करून घेते, त्याला आता माझी गाडी पाठ झाली आहे. कापडाचंच अडलंय. इथे मिळते ती सगळी ताडपत्री निळी नाहीतर काळी. पांढरी, जाड, वाऱ्याने फडफडून चिरणार नाही अशी यवतमाळात कुठल्या बाजूला मिळेल? मंगळवारी जाते आहे, आणि त्या दिवशी दुपारी लशी नाहीत.